डबल मार्करचा रिपोर्ट ‘हाय रिस्क’ आला तर

माझ्या धाकट्या लेकीला डाउन सिंड्रोम आहे, म्हणजे तिच्या पेशींत एकविसावं गुणसूत्र एक जास्त आहे. ती पोटात असतानाच आम्हाला ते कळलं होतं. आता ती मोठी झाली आहे, रोज कामाला जाते, आणि ओळखीत कुणाच्या डबल मार्करमध्ये, म्हणजे बाळात असा दोष असण्याची शक्यता सांगणाऱ्या गरोदरपणातल्या रक्ताच्या चाचणीत, आकडे ‘खराब’ आले की त्या घरातून मला फोन येतो. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधोपचारांबद्दल काही सांगत नाही. पण रिपोर्ट वाचायचा कसा, डॉक्टरांना विचारायचं काय, घरच्यांशी बोलायचं कसं, आणि बाळ ठेवायचं ठरलं तर पहिल्या वर्षात कशाच्या मागे लागायचं, हे मी पुष्कळांना सांगत आले आहे. तेच इथे सविस्तर लिहिते.

या सगळ्याच्या मुळाशी माझं एक म्हणणं आहे. चाचणी गुणसूत्रांबद्दल सांगते. ते मूल कसं जगेल आणि त्याच्याबरोबर तुम्ही कसे जगाल, हे तिला सांगता येत नाही. गुणसूत्रांचं उत्तर लॅबमध्ये मिळतं, जगण्याचं उत्तर अशी माणसं राहतात त्या घरात. दोन्हीकडे जाऊन आल्याशिवाय काही ठरवू नका.

चाचणीला जाण्याआधी

बहुतेक जोडपी चाचणीला जातात ती चिठ्ठीवर लिहून दिली म्हणून. रक्त देऊन येतात आणि विसरून जातात. मग एक दिवस फोन वाजतो. म्हणून रक्त देण्याच्या आदल्या दिवशी दोघांनी शांतपणे बसा आणि एकच प्रश्न सोडवा: उत्तर नको ते आलं, तर आपण काय करणार?

प्रश्नाला हात घालायची एक पद्धत मला फार उपयोगी वाटते. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर आपापलं उत्तर लिहायचं आणि मग कागद अदलाबदल करायचे. समोरासमोर बोललं की एकजण दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर बदलतो. कागदावर माणूस खरं लिहितो. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर ते आत्ताच कळलेलं बरं, कारण रिपोर्ट आल्यानंतर हातात दिवस थोडे असतात.

चाचणी करण्याची दोन कारणं मला पटतात. एक, गर्भ ठेवायचा की नाही हे ठरवायचं आहे. दोन, बाळ ठेवायचंच आहे, पण तयारीत राहायचं आहे. दुसरं कारण लोक हलक्यात घेतात. बाळाच्या हृदयात मोठा दोष आहे हे आधी कळलं, तर बाळंतपण नवजात बाळांच्या हृदयाचे डॉक्टर असतील अशा ठिकाणी ठरवता येतं. पाठीच्या कण्याच्या एका दोषात, स्पायना बिफिडात, बाळ पोटात असतानाच शस्त्रक्रिया केली तर काही बाळांना फायदा होतो, हे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासातून दिसलं आहे. म्हणून मार्कर नको म्हणणाऱ्यांनाही मी १८ ते २२ आठवड्यांमधली, बाळाचे अवयव नीट बघणारी ॲनॉमली सोनोग्राफी चुकवू नका असं सांगते.

‘मनाची शांती’ म्हणून चाचणी करणाऱ्यांना मात्र मी थोडं थांबवते. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले तरी सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम आणि बहिरेपणाचे बहुतेक प्रकार या नेहमीच्या चाचण्यांत दिसत नाहीत. कितीतरी अपंगत्वं जन्माच्या वेळी, जन्मानंतरच्या आजारात किंवा अपघातात येतात. धडधाकट मुलाची हमी देणारी चाचणी अस्तित्वातच नाही. आणि चाचणी करायचीच नाही, हाही एक विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो. त्याबद्दल कुणी तुम्हाला अडाणी म्हणत असेल तर खुशाल म्हणू दे.

तो आकडा वाचायचा कसा

रिपोर्टवर लाल अक्षरांत ‘हाय रिस्क’ लिहिलेलं असतं आणि शेजारी १:१८० असा काहीतरी आकडा. लोक लाल अक्षरं वाचतात, आकडा वाचत नाहीत. त्याचा अर्थ असा की हुबेहूब असेच आकडे आलेल्या १८० बायका एका हॉलमध्ये बसवल्या, तर त्यांतल्या १७९ जणींच्या बाळाला डाउन सिंड्रोम नसेल. टक्क्यांत बोलायचं तर अर्धा टक्का आणि थोडं वर. १:२५० च्या आसपास रेघ मारून बऱ्याच ठिकाणी अलीकडचे ‘हाय’ आणि पलीकडचे ‘लो’ ठरवतात. रेघ माणसांनी मारलेली आहे. १:२४० आणि १:२६० या दोन बायकांमध्ये सांगण्यासारखा काहीही फरक नसतो.

या हिशेबात आईचं वय आधीच धरलेलं असतं. २५व्या वर्षी डाउनची शक्यता साधारण १,२५० मध्ये एक, ३५व्या वर्षी ३५० मध्ये एक, ४०व्या वर्षी शंभरात एक अशी वाढत जाते. त्यामुळे चाळिशीच्या आईचं रक्त आणि सोनोग्राफी बऱ्यापैकी असली, तरी वयामुळेच तिच्यासमोर ‘हाय’ येऊ शकतं.

आता एक काम लगेच करा. रिपोर्टच्या वरच्या भागात भरलेली माहिती ओळ न् ओळ तपासा. तुमचं वय, वजन, सोनोग्राफीची तारीख, त्या दिवशी किती आठवडे आणि किती दिवस झाले होते, जुळं आहे का, आयव्हीएफ आहे का, मधुमेह आहे का. एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी मोजणारी सोनोग्राफी) आणि डबल मार्कर ११ आठवड्यांपासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंतच धरतात, आणि रक्तातले आकडे त्या दिवसाच्या सरासरीशी ताडून बघतात. आठवडे चुकीचे पडले की पुढचा सगळा हिशेब चुकतो. माझ्याकडे आलेल्या एका मुलीच्या रिपोर्टमध्ये सोनोग्राफीची तारीख होती पण आठवडे पाळीवरून मोजलेले होते, आणि तिची पाळी कायमच पुढेमागे. दुरुस्ती करून लॅबने पुन्हा हिशेब केला, तेव्हा ती ‘लो’मध्ये गेली. प्रत्येकीचं असं होत नाही. पण तपासायला पाच मिनिटं लागतात आणि कुणीच तपासत नाही.

पुढची पायरी म्हणून बहुतेकांना एनआयपीटी ही आईच्या रक्ताची आणखी एक चाचणी सुचवतात. आईच्या रक्तात गर्भाचा डीएनए फिरत असतो, हे १९९७ साली डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, आणि त्यावर ही चाचणी उभी आहे. दहाव्या आठवड्यापासून करता येते आणि डाउनची शंभरातली ९९ बाळं ओळखते. इथेच लोक फसतात. ‘९९ टक्के’ ऐकलं की त्यांना वाटतं, आपला रिपोर्ट ९९ टक्के खरा.

हिशेब करून बघा. ज्या वयात हजारात एका बाळाला डाउन असतं, त्या वयाच्या १०,००० बायकांनी चाचणी केली. डाउन असलेली बाळं १०, आणि ती जवळजवळ सगळी सापडली. उरलेल्या ९,९९० जणींमध्ये हजारात एकीला चुकून ‘हाय रिस्क’ आला, तरी अशा १० जणी झाल्या. म्हणजे वीस घरांत रडारड झाली आणि त्यांतल्या दहा घरांत बाळाला काहीच नव्हतं. हाच हिशेब शंभरात एक शक्यता असलेल्या वयाचा केला तर ११० पैकी १०० रिपोर्ट खरे निघतात. चाचणी तीच, पण कुणाच्या हातात रिपोर्ट आहे त्यावर त्याचं वजन बदलतं. शिवाय हा डीएनए मुख्यतः वारेतून येतो. कधी कधी वारेत दोष असतो आणि बाळात नसतो.

म्हणून हे मी ठासून सांगते: फक्त एनआयपीटीवर गर्भ ठेवण्या-न ठेवण्याचा निर्णय घेऊ नका. गर्भ न ठेवण्याचा विचार मनात असेल, तर आधी सीव्हीएस (वारेचा बारीक तुकडा काढून केलेली तपासणी) किंवा गर्भजल तपासणी करून पक्कं करा. सीव्हीएस ११ ते १४ आठवड्यांत करतात, गर्भजल १५ आठवड्यांनंतर. सोनोग्राफीवर बघत बघत पोटातून बारीक सुई आत जाते आणि थोडं पाणी काढून घेतात. गर्भपाताचा जास्तीचा धोका अनुभवी हातांत हजारात एक ते तीन इतकाच असतो. पूर्वी तो बराच जास्त सांगत, आणि ती भीती अजून लोकांच्या मनात बसलेली आहे. पहिला झटपट रिपोर्ट काही दिवसांत येतो, पूर्ण कॅरिओटाइपला, म्हणजे सगळ्या गुणसूत्रांच्या तपासणीला, साधारण दोन आठवडे लागतात. कॅरिओटाइपचा कागद जपून ठेवा. शंभरातल्या तीन-चार डाउनच्या बाळांमध्ये गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेला असतो. तसं असेल तर आई-वडिलांचीही तपासणी करावी लागते आणि पुढच्या बाळंतपणाचं गणित वेगळं असतं.

डॉक्टरांच्या खोलीत

एकटीने जाऊ नका. दोघं जा आणि एकाने फक्त लिहायचं काम करा. वाईट बातमीनंतरचं पहिलं वाक्य कानावर पडतं, पुढचं काही ऐकू येत नाही. जिथे जेनेटिक काउन्सेलर आहेत तिथे त्यांची वेळ मागून घ्या. ही माहिती समजावून सांगणं हेच त्यांचं काम आहे.

सगळ्यात आधी विचारा की नेमकं काय निघालं आहे, आणि ते पक्कं आहे की संशय. ‘गुणसूत्रात दोष’ हे शब्द फार वेगवेगळ्या गोष्टींना लावतात. ट्रायसोमी १३ आणि १८ मध्ये, म्हणजे तेरावं किंवा अठरावं गुणसूत्र एक जास्त असेल तर, बहुतेक बाळं पहिला वाढदिवसही बघत नाहीत. याउलट क्लाइनफेल्टर सिंड्रोम (एक एक्स गुणसूत्र जास्त) असलेल्या कितीतरी पुरुषांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. डाउन सिंड्रोम या दोन्हींपेक्षा वेगळा आहे. एका निदानाची भीती दुसऱ्याला लावू नका. सोनोग्राफीत हृदयावर पांढरा ठिपका किंवा मेंदूत बारीक सिस्ट दिसली आणि बाकी सगळं ठीक असेल, तर बहुधा बाळाला काहीच नसतं.

मग विचारा: यातलं दुरुस्त होण्यासारखं काय आहे? डाउनच्या जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात दोष असतो, आणि त्यातले बहुतेक शस्त्रक्रियेने दुरुस्त होतात. कायद्याने आणि तब्येतीच्या दृष्टीने आपल्याकडे किती दिवस आहेत, हेही विचारा. लिहून घ्या. मुदत किती हे कळलं की माणूस दोन दिवसांत घाईने निर्णय घेत नाही.

आणि शेवटी हा प्रश्न जरूर विचारा: ‘डॉक्टर, हे निदान असलेलं तीस वर्षांचं माणूस तुम्ही जवळून बघितलं आहे का?’ उद्धटपणे विचारू नका, खरंच जाणून घ्यायला विचारा. डॉक्टरांपुढे येतात ती नुकती जन्मलेली आणि आजारी पडलेली मुलं. जो मोठा झाला, बसने कामाला गेला, त्याचं दवाखान्यात काही काम नसतं. त्यामुळे चांगल्या डॉक्टरांच्याही डोळ्यांसमोर अर्धंच चित्र असतं. अमेरिकेत १९८३ साली डाउन असलेल्या माणसाचं सरासरी आयुष्य २५ वर्षं होतं, आज ते साठच्या आसपास आहे. गुणसूत्र तर तेच आहे. पूर्वी या मुलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया करायलाच नकार देत, त्यांना घरातून काढून संस्थांत ठेवत. ते थांबलं आणि आयुष्य दुपटीहून वाढलं. जुन्या पुस्तकातली माहिती ऐकून निर्णय घेऊ नका, असं मी म्हणते ते यासाठी.

अशा एखाद्या घरी जाऊन या

पालकांच्या गटांमधून, थेरपी सेंटरमधून किंवा काउन्सेलरकडून एखाद्या घराची ओळख काढा. खरं तर दोन-तीन घरांची: एक लहान बाळाचं, एक शाळेतल्या मुलाचं आणि एक मोठ्या माणसाचं. कार्यक्रमाच्या दिवशी जाऊ नका, साध्या संध्याकाळी जा. माझ्याकडे येणाऱ्यांना मी लेक घरी असतानाच बोलावते आणि तिला सांगते की हे तुला भेटायला येताहेत. तिच्याशी बोला, तिच्याबद्दल माझ्याशी नंतर बोलता येईल.

त्या घरात अवघड प्रश्न विचारायला लाजू नका. रात्री झोप लागते का? दोघांपैकी कुणाला काम सोडावं लागलं? भावंडं काय म्हणतात? तुमच्यानंतर काय? मी तर स्वतःहून सांगते. पहिली काही वर्षं आजारपणं फार होती. बोलणं उशिरा आलं, आणि तिला काय हवंय ते न समजल्याने दोघीही रडायचो. ‘आमच्यानंतर काय’ ही चिंता आजही आहे. आणि तिच्याइतकं मनापासून माझ्या येण्याची वाट बघणारं दुसरं कुणी नाही, हेही तितकंच खरं आहे.

२०११ साली अमेरिकेत ब्रायन स्कॉटको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डाउन असलेल्या मुलांच्या दोन हजारांहून अधिक पालकांना विचारलं. शंभरातले चारजण म्हणाले की हे मूल झाल्याचा पश्चात्ताप होतो. डाउन असलेल्या माणसांनाही विचारलं, तर जवळजवळ सगळे म्हणाले की आम्ही आनंदात आहोत. हे पालक संघटनांमधून निवडलेले होते, म्हणजे ज्यांना आधार मिळाला असे, हे लक्षात ठेवूनच हे आकडे वाचा. तरी मला त्यातून एक गोष्ट दिसते. बाहेरून बघणाऱ्याला जे आयुष्य असह्य वाटतं, ते आतून तसं असेलच असं नाही.

नातेवाईक, आणि तो निर्णय

पक्कं होईपर्यंत शक्य तितक्या कमी लोकांना सांगा. सांगितलं की ‘कुणाच्या घराण्यातून आलं?’ हा प्रश्न येणारच, आणि तो बहुधा सुनेकडे बघून विचारला जातो. त्याचं उत्तर नवऱ्याने द्यायचं, आणि ठाम द्यायचं: ‘एकविसावं गुणसूत्र एक जास्त असल्यामुळे हे होतं, हे १९५९ पासून माहीत आहे. बहुतेक वेळा ते पेशी तयार होताना आपोआप घडतं. हिने काही खाल्लं, केलं किंवा टाळलं म्हणून झालेलं नाही.’ एवढं बोलून विषय बंद करायचा. सासूबाई समंजस असतील तर त्यांना डॉक्टरांकडे बरोबर न्या. पांढऱ्या कोटातल्या माणसाने सांगितलेलं जास्त पटतं.

आता निर्णयाबद्दल. ‘आम्हाला हे झेपणार नाही’ हे एक बोलणं आहे, आणि ‘अशी मुलं जन्मालाच येऊ नयेत’ हे दुसरं. पहिलं बोलणारी बाई आपल्या ताकदीबद्दल, आपल्या घराबद्दल बोलते. तिचा निर्णय मला मान्य असतो, तिच्याइतकं तिचं घर मला माहीत नसतं. दुसरं बोलणारा माणूस माझ्या लेकीच्या असण्यावर निकाल देतो. तिथे मी गप्प बसत नाही. तुम्ही कुठल्याही बाजूने ठरवा, पण या दोन गोष्टींची गल्लत करू नका, आणि कुणाला करूही देऊ नका.

गर्भ न ठेवण्याचं ठरवलेल्या बायकांबरोबरही मी बसले आहे. त्यांना ‘बरं झालं, सुटलीस’ म्हणू नका. तिचं बाळ गेलेलं असतं. तिला रडू द्या, रजा काढू द्या, आणि काही महिन्यांनी ती पुन्हा बोलायला आली तर ऐका. ज्यांनी ठेवायचं ठरवलं त्यांना ‘कळत असून कशाला ठेवलंत?’ असं विचारू नका. बाळ झालं की अभिनंदन करा, जसं कुठल्याही बाळाचं करता तसं.

पहिलं वर्ष आणि पुढे

पहिल्या दिवसांत बाळाचा हृदयाचा एको करून घ्या, वरून ठीक दिसत असलं तरी. ऐकू येण्याची तपासणी पहिल्या महिन्यात, शंका असेल तर निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत, आणि गरज असेल तर यंत्र किंवा उपचार सहाव्या महिन्यापर्यंत सुरू व्हायला हवेत. हे सगळ्याच बाळांना लागू आहे. डाउनमध्ये थायरॉइड जन्मानंतर, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात आणि मग दरवर्षी बघतात. डोळे तपासून घ्या. वजन-उंचीसाठी डाउनचे वेगळे तक्ते आहेत, ते डॉक्टरांकडे मागा. नाहीतर दरवेळी ‘मूल मागे आहे’ एवढंच ऐकून घरी याल. स्नायू सैल असल्याने दूध ओढायला वेळ लागतो आणि चालायला साधारण दोन वर्षं लागतात, काहींना त्याहून जास्त.

थेरपीच्या मागे किती धावायचं? फिजिओ लवकर, बोलण्यासाठी स्पीच थेरपी लवकर, बाकी गरजेप्रमाणे. दिवसाला चार थेरप्या करणारी घरं मी पाहिली आहेत. तिथे आईचं आईपण मागे पडतं आणि ती दिवसभर शिक्षिकाच होऊन बसते. थेरपिस्टकडून घरी करायची एक गोष्ट शिकून या आणि ती अंघोळीच्या, कपड्यांच्या वेळी करा. बोलण्याबरोबर हाताच्या खुणा शिकवल्या तर मूल बोलणार नाही, ही भीती चुकीची आहे. खुणांनी रडणं कमी होतं आणि बोलायला मदतच होते.

शिकवायचं कसं, ते शर्टाच्या बटणावरून सांगते. आम्ही मोठ्या बटणांचा सैल शर्ट टेबलावर पसरला. बटण काजातून अर्धं बाहेर मी काढायचे, उरलेलं अर्धं ओढायचं काम तिचं. ओढलं की बटण लागलं, काम पुरं झालं ते तिच्या हातून. ते जमलं की मी बटण फक्त काजाच्या तोंडाशी आणून द्यायचे. मग काज धरून ठेवायचे. मग काहीच नाही. टेबलावर जमल्यावर शर्ट तिच्या अंगात, आणि सुरुवात सगळ्यात खालच्या बटणापासून, कारण तेच तिला मान वाकवून दिसतं. शेवटची पायरी आधी शिकवली की मुलाला प्रत्येक वेळी जिंकल्यासारखं वाटतं. बूट, दात घासणं, अंथरूण घालणं, सगळं आम्ही असंच शिकवलं. महिने लागतात. घाईच्या सकाळी शिकवू नका, सुट्टीच्या दिवशी शिकवा.

घरातली एक तरी जबाबदारी तिची असू द्या, आणि ती राहिली तर राहू द्या, तुम्ही उरकून टाकू नका. भावंडांना आठवड्यातून थोडा वेळ तुमचा एकट्याचा द्या. ‘तुझ्यानंतर हिचं तूच बघायचं’ हे वाक्य लहान भावंडापुढे कधी उच्चारू नका. ते मोठं झाल्यावर त्याला विचारा, आणि नाही म्हणायची मोकळीक ठेवून विचारा.

आणि एक वही ठेवा. औषधं, डॉक्टर, शस्त्रक्रियांचे कागद, बँकेचे आणि वारसाचे कागद कुठे आहेत, कशाने ती घाबरते, कशाने शांत होते, कुठल्या बसने जाते, तिचे मित्र-मैत्रिणी कोण. उद्या तुम्ही आजारी पडलात तर दुसऱ्या माणसाला त्या वहीवरून तिचा दिवस चालवता आला पाहिजे. वर्षातून एकदा ती नव्याने भरा. लेक मोठी झाली की तिला शेजारी बसवून भरा, कारण तिला काय आवडतं हे आता ती स्वतः सांगते, आणि मी लिहिलेलं खोडायलाही लावते.